चौघा कामचुकारांचं मस्टर

यशोदाबाई गेल्या त्या श्रावणात. पण या गोष्टीतलं नुकसान कळलं ते पौषात, एका रविवारी, सकाळी दहा वाजून बत्तीस मिनिटांनी. मिनिटं सांगायचं कारण असं, की परशराम मुचंडीकर यांनी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत एकतीस वर्षं टाइमकीपरची नोकरी केली होती आणि कुठलीही गोष्ट 'सकाळी कधीतरी' झाली असं म्हणणं त्यांना जमत नव्हतं. त्यांच्या आणि यशोदाबाईंच्या लग्नाचा मुहूर्त बारा सत्तावीसचा होता आणि अक्षता पडल्या बारा एकतीसला. हा उशीर भटजींमुळे झाला, मुलाकडच्यांमुळे नव्हे, हे ते अजूनही सांगतात.

तर त्या रविवारी, दर रविवारसारखं, त्यांनी अनगोळच्या घरात साडेदहाला टीव्ही लावला. बघण्यासाठी नव्हे. टीव्हीच्या डब्यात रेकॉर्ड करून ठेवलेल्या कार्यक्रमांची यादी उघडायची, शेवटचे दोन भाग जागेवर आहेत ना ते बघायचं आणि टीव्ही बंद करायचा, असा त्यांचा पाच महिन्यांचा नियम होता. त्या दिवशी यादी उघडली आणि ती रिकामी होती.

मग त्यांनी डब्याकडे बघितलं. जुना डबा काळा, चपटा, विटेएवढा होता. त्याच्या जागी साबणाच्या वडीएवढं काहीतरी पांढरं बसलं होतं. त्यांनी पुण्याला मुलाला फोन लावला.

"आप्पा, मीच बदलून घेतलाय," नागेंद्र म्हणाला. "मागच्या आठवड्यात आलतो तेव्हा. तुम्ही बाजारात गेला होता. जुना लई जुना झालता. हा इंटरनेटवर चालतोय, तुम्हाला एकट्याला तेवढाच विरंगुळा."

"जुना कुठाय?"

"कोपऱ्यावरचा दुकानदार घेऊन गेला. जुना द्या, नवा घ्या, असं होतं ते. का?"

"त्यात 'साहेब जागेवर नाहीत' होतं. तिसरा सीझन."

"तुम्हाला तर ती मालिका बघवत नव्हती," नागेंद्र म्हणाला.

"बघवत नव्हतीच," परशराम म्हणाले आणि फोन ठेवला.

ही मालिका बहुतेकांना माहीत नसेल, कारण ती फारशी कुणी बघतच नव्हतं. नळाच्या तोट्या विकणाऱ्या एका कंपनीचं ऑफिस आणि त्यात चार दोस्त, विलास, मोघे, टिल्लू आणि शकू. चौघांना मिळून एका माणसाचं काम, आणि तेही होत नाही. विलास रोज उशिरा येतो. मोघे फायलींच्या खोलीत झोपतो. टिल्लू दुसऱ्या नोकरीचे अर्ज लिहितो आणि पोस्टात टाकत नाही. शकू स्वेटर विणते, तो तीन सीझन झाले तरी एका बाहीच्या पुढे गेलेला नाही. कंपनीचा साहेब कधीच दिसत नाही. कुणी विचारलं की चौघे एका सुरात सांगतात, साहेब जागेवर नाहीत. एवढंच.

यशोदाबाईंना ही मालिका फार आवडायची. परशरामांचा मात्र जीव वर-खाली व्हायचा. ज्या माणसाने एकतीस वर्षं गेटवर बसून, आठ वाजून सहा मिनिटांनी आलेल्याचा अर्धा दिवस कापला, त्याने हे कसं बघावं? "असल्यांना दुसऱ्या दिवशी गेटच्या आत घेतलं नसतं मी," असं ते पहिल्या भागापासून म्हणत होते आणि एकही भाग चुकवत नव्हते.

पहिल्या सीझनच्या चौथ्या भागाला त्यांना राहवलं नाही. निवृत्त होताना फाउंड्रीतून आणलेलं एक कोरं मस्टर कपाटात होतं. ते त्यांनी काढलं, त्यात चौघांची नावं लिहिली आणि मालिकेतल्या भिंतीवरच्या घड्याळात बघून एकेकाची येण्याची वेळ मांडायला सुरुवात केली. उशीर असेल तर तांबड्या पेनाने. विलास, अकरा वीस. मोघे, हजर, पण झोपलेला. यशोदाबाईंनी ते बघितलं. दुसऱ्या दिवशी मस्टर उघडलं तर शेवटच्या, कारणाच्या रकान्यात निळ्या पेनाने लिहिलेलं होतं, 'विलासच्या आईला दवाखान्यात न्यायचं होतं. त्याचा दिवस कापू नये.'

विलासला आई आहे असं मालिकेत कुठेही दाखवलेलं नव्हतं.

तेव्हापासून ते तसंच चाललं. तांबडं त्यांचं, निळं यशोदाबाईंचं. 'मोघे झोपलेला नाही, डोळे मिटून विचार करत होता.' 'शकूच्या घरात गॅस संपला होता, बाईमाणसाला एवढं विचारू नये.' 'टिल्लूचं मन लागत नाही, चार दिवस त्याला कुणी बोलू नये.' परशराम ते वाचून म्हणायचे, हे कारण कुठल्याही कंपनीत चालणार नाही. यशोदाबाई म्हणायच्या, न चालू दे, मस्टरमध्ये असू दे.

तिसऱ्या सीझनचे तेरा भाग होते. अकराव्याच्या शेवटी ऑफिसात नोटीस लागली, की साहेब स्वतः येणार आहेत आणि कामचुकारांचा निकाल लावणार आहेत. त्यावरून घरात दोन दिवस वाद झाला. मग यशोदाबाईंना दवाखान्यात न्यावं लागलं. तिथल्या खाटेवरूनही त्यांनी विषय सोडला नाही.

"उरलेले दोन भाग डब्यात भरून ठेवायला लावलेत मी," त्या म्हणाल्या. "माझ्याबिगर बघू नका. तेराव्यात साहेब येतोय आणि कुणालाबी काढत न्हाई, बघा तुम्ही."

"काढतोय. चौघांनाबी," परशराम म्हणाले.

"बघूया की घरी गेल्यावर."

घरी परशराम एकटेच आले. ती एकच वेळ त्यांनी कुठे लिहून ठेवलेली नाही.

आता नुकसान झालंय हे एकदा गल्लीला कळलं की ते एकट्याचं राहत नाही. तासाभरात समोरचे भरमू अण्णा आले. भरमू अण्णा वीज खात्यातून लाइनमन म्हणून निवृत्त झालेले आणि ज्या वस्तूला वायर आहे तिच्यावर शेवटचा शब्द आपला, असं मानणारे. त्यांच्या मागोमाग शेजारची मंगल आक्का आली, हातात सोलायचे वाटाणे घेऊन, म्हणजे ती बराच वेळ बसणार होती.

नागेंद्रने तोवर पुण्यात बसून शोध घेतला होता. ज्या वाहिनीवर मालिका लागायची ती वाहिनी दिवाळीत बंद पडली होती. मोबाइलवर पहिला सीझन होता, तिसरा कुठेच नव्हता. "शेवटी काय झालं ते एका ठिकाणी लिहिलंय, आप्पा. वाचून दाखवू?" त्याने विचारलं.

"नको."

"म्हणजे डबाच पायजे," भरमू अण्णा म्हणाले. "कंपनीला फोन लावा. वस्तू कुठं जात न्हाई. ती कुठल्यातरी गोडाऊनमध्येच बसल्याली असत्या."

फोन लावला. कन्नडसाठी एक दाबा, हिंदीसाठी दोन, मराठीसाठी पाच. तीन आणि चार कुणासाठी होते ते कळलं नाही. पाचवर एक मुलगी आली, फार गोड आवाजाची. तिने नंबर घेतला आणि म्हणाली, "हे कनेक्शन श्रीमती यशोदाबाई यांच्या नावावर आहे. त्यांच्याशी बोलू शकते का?"

"त्या नाहीत," परशराम म्हणाले.

"काही हरकत नाही, सर. किती वाजता येतील?"

एकतीस वर्षं लोकांना हाच प्रश्न विचारलेल्या माणसाला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. "ते सांगता येणार नाही," ते म्हणाले. खोटं बोलायची सवय नव्हती आणि खरं बोलायला शब्द सापडला नाही.

"मग आम्ही उद्या चार वाजता फोन करू," मुलगी म्हणाली. आणि केला. बरोबर चारला, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, आठवडाभर. "यशोदाबाई आहेत का?" "नाहीत." "ठीक आहे, सर, उद्या करू." वक्तशीरपणाबद्दल परशरामांच्या मनात तिच्याविषयी आदर तयार झाला होता.

पण मधेच तिसऱ्या दिवशी कागलहून मेहुण्याचा, मारुतीरावांचा, फोन आला. "दाजी, माझ्या स्लॅबवर एक माणूस चढलाय. टीव्हीची छत्री कुठाय म्हणून विचारतोय. आमच्यात छत्री न्हाई म्हटलं तर पटत न्हाई त्याला."

याचं कारण जुनं होतं. कनेक्शन घेताना बेळगावचा पत्ता दिला असता तर सगळ्या कन्नड वाहिन्या आल्या असत्या आणि मराठी दोन. म्हणून इथे सगळे करतात तसं त्यांनीही केलं होतं, सीमेपलीकडच्या पाहुण्याचा पत्ता दिला होता. सीमाभागातल्या निम्म्या घरांत टीव्ही बेळगावात असतो आणि त्याचा पत्ता कागलात. तेव्हा कंपनीच्या हिशेबाने यशोदाबाई कागलला मारुतीरावांच्या घरी राहत होत्या आणि त्यांचा डबा बिघडला होता. तो माणूस स्लॅबवर वाळत घातलेल्या मिरच्या तुडवून, चहा पिऊन, 'तक्रार दूर केली' असं लिहून निघून गेला.

"हे असं न्हाई व्हायचं," भरमू अण्णा म्हणाले. "त्यास्नी यशोदाबाई पायजेत न्हवं? मंगलला बसवा फोनवर."

परशराम नको म्हणाले. पण चार वाजले, फोन वाजला आणि मंगल आक्काने वाटाण्याच्या हाताने तो उचललाही. "व्हय, मीच यशोदाबाई," ती म्हणाली, आणि आयुष्यात प्रथमच हळू आवाजात बोलली, कारण यशोदाबाई हळू बोलायच्या. परशराम खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

"मॅडम, खात्री करण्यासाठी जन्मतारीख सांगाल?"

मंगल आक्काने स्वतःची सांगितली. मग चुकलं म्हणून जाऊबाईची सांगितली. मग म्हणाली, "आमच्या वेळंला तारखा कोण लिवून ठेवत हुतं बाई, मोठा पाऊस झालता तवाची मी." त्यावर गोड आवाज गोड राहिला नाही. खातं संशयास्पद म्हणून बंद करण्यात येत आहे, आता कागदपत्रांसह कोल्हापूरच्या विभागीय कार्यालयात यावं, असं सांगून फोन बंद झाला.

"मला एक तारीख सांगून ठिवाय काय झालतं तुमाला," मंगल आक्का परशरामांना म्हणाली.

एकतीस वर्षांत ज्याच्या मस्टरमध्ये खाडाखोड नाही, तो माणूस संशयास्पद ठरला होता. परशराम त्या दिवशी जेवले नाहीत. भरमू अण्णांनी त्यांना धीर दिला आणि पुरावा म्हणून घरात जे जे आहे ते ते पिशवीत भरायला लावलं. मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, लाइटबिल, लग्नाचा फोटो आणि "अक्षर वैनींचंच हाय म्हणून दाखवाय" मस्टरही. बुधवारी सकाळी सहा पन्नासच्या गाडीने दोघे निघाले. भरमू अण्णांना कुणी बोलावलं नव्हतं, पण खिडकीची जागा त्यांनीच घेतली आणि काकतीपासून निपाणीपर्यंत दिसेल त्या खांबाला आपण तार कशी ओढली ते सांगितलं.

कोल्हापूरचं कार्यालय दहाला उघडणार असं पाटीवर होतं. दहा वाजून पाच मिनिटांनी आत एक शिपाई होता आणि तो पंख्याखाली डोळे मिटून विचार करत होता. दहा चाळीसला एक तरुण आला आणि मोबाइलवर क्रिकेट बघू लागला. दहा पंचावन्नला दुसरा आला, त्याने पहिल्याला चहाला चल म्हटलं आणि दोघे गेले. परशरामांनी विचारलं, तक्रार कुणाकडे द्यायची? शिपाई डोळे न उघडता म्हणाला, "साहेब जागेवर नाहीत."

परशरामांनी पिशवीतून मस्टर काढलं. त्यामागे कुठलाही डाव नव्हता. हात रिकामा होता आणि समोर उशीर होत होता, एवढंच. मागच्या कोऱ्या पानावर त्यांनी वेळा मांडायला सुरुवात केली. अकरा दहाला एक मुलगी धावत आली, खांद्यावर पिशवी, कपाळावर घाम. परशरामांनी तिलाही तांबड्यात घेतलं. गळ्यातल्या पट्ट्यावर तिचं नाव होतं, पारमिता.

"काका, काय लिहिताय?" तिने विचारलं.

त्यांनी वही तिच्यासमोर ठेवली. लपवायचं कारण नव्हतं. तिने 'अकरा दहा' वाचलं आणि तिचा चेहरा पडला. "निपाणीहून येते मी रोज. आठ पन्नासची बस आज आलीच नाही."

"ते तिकडं लिहायचं असतं," परशराम कारणाच्या रकान्याकडे बोट करून म्हणाले. "पण तो रकाना माझा नव्हे."

मुलीने पान उलटलं. मग आणखी एक. थोड्या वेळाने ती हसू लागली, आधी तोंड दाबून, मग उघडच. "विलासच्या आईचं चौथ्यांदा ऑपरेशन," ती वाचत होती. "अहो, ही तर ती मालिका. आम्ही घरी सगळे बघायचो. हे निळं कुणी लिहिलंय?"

परशरामांनी मृत्यूचा दाखला पुढे केला.

पारमिताने तो वाचला, मग कॉम्प्युटरमध्ये बघितलं. ती आता हसत नव्हती, पण गोंधळलेली होती. "काका, ह्या यशोदाबाई अनगोळच्या आहेत. आमच्याकडच्या यशोदाबाई कागलच्या."

"एकच आहेत."

"मला पटतंय. पण इथं कागलच्या यशोदाबाई हयात आहेत. गेल्याच आठवड्यात त्यांची तक्रार दूर केलीय म्हणून नोंद आहे. आमचा माणूस त्यांच्या घरी चहा पिऊन आलाय."

भरमू अण्णा पुढे सरकले. "हितं त्या हयात, तिथं त्या न्हाईत. मग करायचं काय?"

"दोन्ही एकच आहेत असं नोटरीकडून लिहून आणायचं. मग मृत्यूचा अर्ज, मग नाव बदलायचा अर्ज. दोन महिने लागतील." तिने आवाज खाली केला. "पण मधे एक अडचण आहे. तुमचा डबा इथं आलेलाच नाही. बेळगावकडचे परत आलेले डबे निपाणीच्या गोडाऊनला उतरतात आणि तिथनं महिन्यातनं एका शनिवारी ट्रक भरून भंगारात जातात."

"ह्या शनिवारी?"

"ह्या शनिवारी. आणि दुसरं असं, की नाव बदललं की आतलं कार्ड बदलतं. मग जुनं रेकॉर्डिंग लागत नाही. यशोदाबाईंच्या नावावर कनेक्शन आहे तोवरच ते दिसणार." तिने एक कोरा कागद पुढे ओढला. "मी ग्राहकाच्या वतीने पतीला डबा परत द्यावा, अशी चिठ्ठी देऊ शकते. पण ती ग्राहक हयात आहे असं धरून असणार. दोन्हीतलं एकच काय ते सांगा."

परशरामांनी टेबलावरच्या दाखल्याकडे बघितलं. फाउंड्रीत एकदा मालकाच्या भाच्याला हजर दाखवा म्हणून दबाव आला होता, तेव्हा त्यांनी मस्टर मालकाच्या टेबलावर ठेवलं आणि चार दिवस रजा टाकली होती. गैरहजर माणसाला हजर दाखवायचं नाही, हा एकच धर्म त्यांनी पाळला होता.

मग परशरामांनी दाखल्याची नीट घडी घातली आणि तो परत पिशवीत ठेवला. "चिठ्ठी द्या," ते म्हणाले.

निघताना त्यांनी मस्टर उघडलं. पारमिताने निळं पेन घेऊन स्वतःच आपल्या नावापुढे लिहिलं, 'बस आली नाही.' परशरामांनी ते वाचलं. कारण खरं होतं, पण त्यात मजा नव्हती.

निपाणीचं गोडाऊन पूर्वी तंबाखूचं होतं. तंबाखू जाऊन बरीच वर्षं झाली असतील, पण वास गेला नव्हता. भरमू अण्णांनी दारातच पहिली शिंक दिली आणि मग मोजता येतील अशा सत्तावीस दिल्या. तिथल्या यल्लाप्पाने चिठ्ठी उलटीसुलटी करून बघितली. "नंबर काय डब्याचा?"

नंबर डब्याच्या पोटावर होता. डबा आत होता. आत चारशे डबे होते, सगळे काळे, चपटे, विटेएवढे.

"वळीकता येईल काय तुमाला?" यल्लाप्पाने विचारलं.

"येईल," परशराम खात्रीने म्हणाले. "आमच्या डब्यावर हळद-कुंकू आहे." यशोदाबाई खंडेनवमीला घरातल्या कामाच्या सगळ्या वस्तूंची पूजा करायच्या. विळी, शिलाई मशीन, सायकल आणि टीव्हीचा डबा. विजेच्या वस्तूवर कुंकू लावू नका, असं परशराम दरवर्षी सांगायचे.

यल्लाप्पाने बत्ती लावली. चारशेतल्या निदान दोनशे डब्यांवर हळद-कुंकू होतं. बेळगाव, खानापूर, संकेश्वर इकडच्या सगळ्या बायका आणि सगळ्यांच्या खंडेनवम्या तिथे रचून ठेवल्या होत्या. एकावर तर वाळलेलं झेंडूचं फूल टेपने चिकटवलेलं होतं.

"आता?" भरमू अण्णा दोन शिंकांच्या मधे म्हणाले.

परशराम खाली बसले आणि एकेक डबा उचलू लागले. त्यांना आठवायला वेळ लागला. यशोदाबाईंच्या शेवटच्या खंडेनवमीला ते रागावले होते, हे आधी आठवलं. कशावरून, ते मग आठवलं. यशोदाबाईंनी त्या दिवशी कुंकवाचं एकच बोट लावलं नव्हतं. चार बोटं ओळीने लावली होती आणि पाचवं जरा मोठं, लांब, डब्याच्या पार कडेला. हे काय, असं विचारल्यावर म्हणाल्या होत्या, ही चौघं, आणि हा साहेब. त्यांच्या कामाचीबी पूजा नको व्हय? परशराम म्हणाले होते, कुठलं काम? आणि त्यावरून जेवणं होईपर्यंत बोलले नव्हते.

दुपारी दोन वाजून चौदा मिनिटांनी तो डबा सापडला. चार टिपके ओळीने आणि कडेला एक. परशरामांनी तो मांडीवर घेतला आणि रुमालाने पुसायला लागले. मग थांबले आणि फक्त कडा पुसल्या.

रविवारी भरमू अण्णांनी डबा जोडला. साडेदहाचं म्हणून बसले आणि तीन वेळा उलटी वायर घालून दहा एक्केचाळीसला चित्र आलं. मंगल आक्का शेंगा घेऊन आली होती. यादी उघडली. भाग बारा, भाग तेरा. दोन्ही जागेवर होते.

"लावा की आता," भरमू अण्णा म्हणाले.

परशरामांनी नियम तपासून बघितला. माझ्याबिगर बघू नका, असं यशोदाबाई दोन्ही भागांबद्दल म्हणाल्या होत्या, हे खरं. पण वाद तेराव्याचा होता. बाराव्यात साहेब येणार असं दोघांपैकी कुणीच म्हटलेलं नव्हतं. तेव्हा बारावा बघायला हरकत दिसत नव्हती. हे कारण कुठल्याही कंपनीत चाललं नसतं. त्यांनी बारावा लावला.

नोटिशीला घाबरून मोघे नऊ पन्नासला आला. टिल्लू नऊ बावन्नला, शकू नऊ पंचावन्नला. तीन सीझनमध्ये पहिल्यांदा तांबड्या पेनाचं काम पडलं नाही. तिघे विलासची वाट बघत बसले. दहा वाजले, अकरा वाजले. शकूने त्याचा चहा झाकून ठेवला. भाग संपला तरी विलास आला नाही. उशिरा नव्हे, आलाच नाही, आणि का आला नाही ते कुणाला माहीत नव्हतं.

परशरामांनी मस्टरमध्ये लिहिलं, विलास, गैरहजर. मग कारणाच्या रकान्यापाशी त्यांचा हात थांबला. ज्याला पहिल्या दिवशीच काढून टाकायला पाहिजे असं ते तीन सीझन सांगत होते, त्याचा आता दिवस कापला जाणार होता.

"लिवा की, बस चुकली," मंगल आक्का म्हणाली.

"ताप आलता म्हणावं," भरमू अण्णा म्हणाले.

परशरामांनी निळं पेन घेतलं, टोपण काढलं, बराच वेळ धरलं आणि परत घातलं. मंगल आक्काने शेंगांची टरफलं गोळा केली. भरमू अण्णांनी दारातून मागे बघितलं आणि तेराव्याचं काही न विचारता गेले.

चार वाजता फोन वाजला. खात्यावरचा संशय दूर झाला आहे, असं मुलीने सांगितलं. आवाज पुन्हा गोड झाला होता. "यशोदाबाई आहेत का, सर?"

परशरामांनी घड्याळाकडे बघितलं. चार वाजून शून्य मिनिटं.

"आत्ता जागेवर नाहीत," ते म्हणाले.

"ठीक आहे, सर. उद्या करू."

विलासच्या नावापुढे अजून काही लिहिलेलं नाही. तेरावा भाग बघायचा राहिला आहे.